चाळीस भाचे आणि एक खुर्ची

मी व्हीलचेअर बोलतेय. हो, तीच, जिच्याकडे लोक आधी टक लावून बघतात आणि मग घाईघाईने आभाळाकडे बघायला लागतात. नियमांच्या कागदावर मला 'चाकाची खुर्ची' म्हणतात. त्या कागदावर माझं नाव कसं चढलं, हीच माझी कर्मकथा.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन मोठी चाकं, दोन छोटी, काळं रेक्झिन आणि पाय टेकायला दोन पट्ट्या. तिथून मी दुकानात आले. कमरेचे पट्टे आणि कुबड्या यांच्या मधोमध मला उभं केलं होतं. मोटार घ्यायला माणसं सहकुटुंब जातात, फोटो काढतात. मला घ्यायला एकटा जावई येतो, तोंड पाडून, आणि पहिला प्रश्न विचारतो, "भाड्याने मिळेल का?"

सहा महिने मी हेच ऐकलं. मग बाई आल्या.

बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन शेजाऱ्यांनी दोन बाजूंनी धरून आणलं होतं, पण तोंड शाबूत होतं. "ब्रेक आहे का?" त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "आहे ना." त्या म्हणाल्या, "आहे ना, हे उत्तर झालं नाही. लावून दाखवा." त्याने दाखवला. मग त्या माझ्यात बसल्या, दोन्ही हातांवर जोर देऊन मला हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. ही कुरकुरत नाही." तेव्हा नव्हते कुरकुरत. आता कुरकुरते, आणि त्याला कारण आहे.

बाई म्हणजे चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या शिक्षिका. घरात एकट्या. घर किनाऱ्याकडे जाणाऱ्या गल्लीच्या अगदी तोंडाशी. रोज सकाळी उठायचं, गल्लीतून चालत जायचं, घोट्याएवढ्या पाण्यात दहा मिनिटं उभं राहायचं आणि परत यायचं. पाय मोडेपर्यंत हा नेम कधी चुकला नाही. हे सगळं मला लगबगीने सांगितलं.

लगबग म्हणजे बाईंकडे कामाला असलेली बाई. स्वयंपाक, औषधं, आणि आता मला ढकलणं. ती कुठलंही काम पळत करते, म्हणून बाईंनी तिला हे नाव ठेवलं. तिच्या हातात मी पहिल्यांदा पडले तेव्हा वळणावर मला वाटलं, आता बाई एकीकडे आणि मी एकीकडे.

आता गल्लीची गोष्ट ऐका, कारण सगळं रामायण तिथेच आहे. गल्ली सगळ्यांची. एका वेळी दोन माणसं जेमतेम जातील एवढीच रुंद. काही वर्षांपूर्वी एका सहल कंपनीला ती सापडली. रोज एक बस येऊन थांबायची. चाळीस माणसं उतरायची. पुढे भोंगा घेतलेला वाटाड्या, "मंडळी, माझ्या मागे या!" मंडळी जायची, ओल्या अंगाने परत यायची, लोकांच्या कुंपणावर टॉवेल वाळत घालायची आणि भिंतीच्या आडोशाला नको ते करायची. गल्लीतल्या माणसांना आपल्याच दारातून बाहेर पडायला वाट मागावी लागायची.

बाईंनी किनारा कार्यालयात अर्ज केला. मग दुसरा केला. असे सत्तावीस अर्ज केले. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "बाई, नियम कसा हवा ते तुम्हीच लिहून द्या. आम्ही सही करतो."

झालं! बाईंना हेच हवं होतं. त्यांनी एका बैठकीत नियम लिहिला. 'मोबदला घेऊन दुसऱ्या व्यक्तीला या वाटेने किनाऱ्यावर नेणारी कोणतीही व्यक्ती व्यावसायिक सहल चालक समजली जाईल आणि तिला मनाई राहील. फक्त नातेवाइकांना सूट.' कार्यालयाने काना-मात्रा न बदलता तो फलकावर रंगवला आणि गल्लीच्या तोंडाशी लावला. शेजारी एक रखवालदार बसवला. बाई येता-जाता फलक वाचायच्या. स्वतःचं लेकरू पहिलं आल्यासारख्या खूश असायच्या, असं लगबग म्हणते.

ही सगळी माझ्या आधीची हकीकत. मी घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "चल ग, तीन महिने झाले पाण्याला पाय लागून." लगबगीने मला सुसाट काढलं.

रखवालदार बाईंचाच जुना विद्यार्थी. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी बाई दिसल्या की हात मागे बांधून उभा राहतो. त्या दिवशीही राहिला. मग त्याची नजर लगबगीकडे गेली आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, तुम्ही बाईंच्या कोण?"

"कोण म्हणजे? कामाला आहे."

"पगारी?"

"मग काय फुकट? पोटाला काय वारा खाऊ?"

रखवालदाराने फलकाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा उभा राहिला. "बाई, राग मानू नका. या मोबदला घेतात. दुसऱ्या व्यक्तीला किनाऱ्यावर नेतात. म्हणजे या सहल चालक झाल्या. आणि तुम्ही... तुम्ही सहल झालात."

लगबग खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. शपथेवर सांगते, क्षणभर त्यांच्या आवाजात कौतुक होतं, पोराला नियम नीट समजला याचं. मग त्यांनी गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या पाण्याकडे बघितलं आणि माझ्या दांड्यांवरची त्यांची बोटं घट्ट झाली.

रखवालदार खाली वाकून हळूच म्हणाला, "बाई, नुसतं म्हणा, ही माझी भाची. मी ऐकलं, विषय संपला."

"मला भाची नाही," बाई म्हणाल्या. "चल, मागे फिरव."

आम्ही वळतोय तोवर मागून बस आली. चाळीस माणसं उतरली. पुढे तोच वाटाड्या, फक्त भोंगा नव्हता. रखवालदाराने विचारलं, "हे तुमचे कोण?" चाळीस तोंडांतून एकच आवाज आला, "मामा!" त्यातले निदान दहा भाचे मामापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. एका भाच्याची कवळी मामा म्हणताना निसटली. सगळे आत गेले. खरं बोलणारी एकटी बाहेर राहिली, आणि तिला घेऊन मी घरी आले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाई खिडकीशी बसायच्या. खिडकीतून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि ते जास्त वाईट. त्या लगबगीवर ओरडायच्यासुद्धा नाहीत. मी निर्जीव आहे असं लोक म्हणतात, पण माझ्यात बसलेलं माणूस दिवसेंदिवस हलकं होत चाललंय हे मला कळत होतं.

लगबगीने एकदा चहाचा कप आदळला. "बाई, खोटं बोलल्याने जीभ झडत नाही! त्या चाळिसांची झडली का?"

"माझी झडेल," बाई म्हणाल्या. "मी अर्ज करणार आहे."

कार्यालय पहिल्या मजल्यावर. मी वर जाऊ शकत नाही, साहेब खाली येऊ शकत नाहीत, त्यांची तशी पद्धत नाही. मग शिपाई जिन्यावरून ये-जा करू लागला. बाईंचा प्रश्न वर, साहेबांचं उत्तर खाली. "साहेब म्हणतात, नियम अतिशय चोख आहे." "त्यांना सांग, मला माहीत आहे, मीच लिहिलाय." "साहेब म्हणतात, मग तक्रार कशाची?" तिसऱ्या फेरीत शिपाई पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही दुरुस्ती लिहून द्या. माझे गुडघे गेले."

बाईंनी तिथेच, मांडीवर कागद ठेवून, ओळ लिहिली. 'चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती आणि तिला ढकलणारी व्यक्ती यांना सूट.' महिन्याभराने ती फलकावर रंगवली गेली.

त्या सकाळचं काय सांगू! गल्लीत लगबग पळत होती, बाई "हळू, हळू" म्हणत होत्या आणि त्यांना हळू नको होतं. वाळूत माझी चाकं रुतली. रखवालदार जागा सोडून धावत आला. दोघांनी मला ओढत पाण्यात नेलं. पहिली लाट आली, बाईंचे पाय भिजले, माझे सांधे भिजले. मग बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आता मरेपर्यंत नाही." आणि त्या रडल्या. लगबगही रडली, पण पटापट. खारं पाणी माझ्या लोखंडाला चांगलं नाही, मला ठाऊक होतं. तरी मी रोज जायला तयार होते.

आठ दिवस सुखाचे गेले.

तिकडे साहेबांनी भाच्यांकडे नात्याचे पुरावे मागायला सुरुवात केली होती. मामा अडकला होता. पण मामाला वाचता येतं, आणि फलकावर नवी ओळ होती.

नवव्या दिवशी बस आली. मागून टेम्पो आला. टेम्पोतून वीस व्हीलचेअर उतरल्या, माझ्याच कारखान्यातल्या, नव्याकोऱ्या. वीस जण बसले, वीस जण ढकलायला उभे राहिले. मामाच्या हातात पुन्हा भोंगा. "मंडळी, अर्ध्या वाटेत बसणाऱ्यांनी उठायचं, ढकलणाऱ्यांनी बसायचं!" बसलेल्यांत एक दणकट पहिलवान होता. पाय पट्टीवर मावेनात म्हणून त्याने मांडी घातली होती. रखवालदाराने फलक तीनदा वाचला आणि बाजूला झाला.

दुपारपर्यंत आख्खी गल्ली बाईंच्या दारात. कुणाचं कुंपण मोडलं होतं, कुणाच्या पायावरून चाक गेलं होतं. "बाई, हे तुमच्या ओळीमुळे झालं. तुम्हीच निस्तरा." पाठोपाठ शिपाई कोरा कागद घेऊन हजर.

"डॉक्टरांचा दाखला हवा असं घालू," बाई म्हणाल्या.

शिपायाने मान हलवली. "दाखले त्यांनी आधीच आणून दिलेत. चाळिसांचे चाळीस. सगळ्यांचे गुडघे दुखतात. साहेब म्हणतात, चाकाच्या खुर्चीची सूटच काढून टाका, म्हणजे कटकट नाही."

शेजाऱ्यांपैकी कुणी बाईंच्या पायांकडे बघेना. बाईंनी पेन उघडलं. आयुष्यभर ज्यांनी पळवाट दिसली की बुजवली, त्या बाई. त्यांनी लिहिलं, 'चाकाच्या खुर्चीला दिलेली सूट'.

आणि पेन थांबलं.

मला हात असते तर मी तो कागद हिसकावून घेतला असता. लगबग स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पहिल्यांदाच अगदी स्थिर. बाईंनी ती अर्धी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग पेनला टोपण लावलं आणि कागद शिपायाला परत दिला.

"साहेबांना सांग, बाईंना जमलं नाही."

चौतीस वर्षं ज्यांनी हे उत्तर कुणा पोराकडून ऐकून घेतलं नाही, त्यांनी ते स्वतः दिलं. शेजारी एकेक करून निघून गेले. त्यातले दोन तर बाईंशी अजून बोलत नाहीत.

आम्ही अजून रोज सकाळी जातो. गल्लीत एकवीस खुर्च्यांची रांग असते. मामा मोठ्या मनाने ओरडतो, "आजींना पुढे जाऊ द्या रे!" आणि बाईंना मान खाली घालून पुढे जावं लागतं. पाण्यात त्या आता पूर्वीसारख्या दहा मिनिटं बसत नाहीत. पाच मिनिटांत म्हणतात, "चल." माझं डावं चाक गंजलंय. कुरकुरतं. बाई ऐकतात.

साहेब दर आठवड्याला तो कागद पाठवतात, अर्ध्या ओळीसकट. बाई तो तसाच परत पाठवतात. पण त्यांना झोप लागत नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हणून हे बोलणं बाईंसाठी नाही, त्या दणकट पहिलवानासाठी आहे, आणि त्याच्यामागे रांगेत बसलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी. बाबांनो, तुमचे पाय धड आहेत. गल्ली लहान आहे, चालत गेलात तर चार मिनिटं लागतात. हात जोडता येत नाहीत मला, नाहीतर जोडले असते. उठा तेवढे. तुम्ही उठलात, तर बाईंना ती ओळ पूर्ण करावी लागणार नाही.