कडेगावच्या जत्रेची कॅसेट

"आक्का, घावली! शहाऐंशी सालच्या कडेगावच्या जत्रंची कॅसेट घावली!"

विट्यातल्या त्या दोन खोल्यांच्या दारातूनच तमाशाचा जुना लाउडस्पीकरवाला भाऊसो ओरडला. काखेत टेपरेकॉर्डर, आणि आनंद असा की सत्तरी गाठलेला माणूस चपला घालूनच आत आला.

रंगूबाई गव्हाच्या परातीवरून उठल्या. तमाशात त्या गायला उभ्या राहिल्या की कर्ण्याची गरजच उरायची नाही, तरी भाऊसो हौसेने चार-चार कर्णे बांधायचा. पुढे घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. नात सृष्टीने आजीचे गाणे कधी ऐकलेच नव्हते.

"थांबा तात्या, मोबाइलवर घेते!" सृष्टी नाचायचीच बाकी होती.

भाऊसोने बटण दाबले. खरखर, ढोलकी आणि मग तो आवाज! मोकळा, ठसकेबाज, कुणाच्या बापाला न भिणारा. सृष्टीने मोबाइलवरची नजर काढून आजीकडे पाहिले.

"आज्जी, ही तू हायस?"

रंगूबाई चक्क लाजल्या. पहिले कडवे झाले, दुसऱ्याची तान वर चढली आणि...

"लाल लंगोटवाल्यानं पट काढला रं गड्या!"

कुस्त्यांचे वर्णन, तेही खुद्द भाऊसोच्या आवाजात! त्याने घाईघाईने कॅसेट बाहेर काढली. गाणे पुसले जाऊ नये म्हणून त्याने तेव्हा तिच्या कडेची टिकली मोडून खाच पाडली होती. पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कोरी कॅसेट मिळेना, म्हणून त्यानेच त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबून वर कुस्त्या भरल्या होत्या. बोळा अजून तिथेच होता.

"आक्का, मीच मारलं की वं तुमचं गाणं." भाऊसोला रडू यायचेच बाकी होते.

"कुस्ती कुणी मारली रं?" रंगूबाई कुजबुजल्या आणि स्वतःच हसल्या. "लाव परत. हाय तेवढं लाव."

त्याने परत लावले. तान वर चढताच रंगूबाईंनी हात केला आणि भाऊसोने टेप थांबवला. त्यांनी पदर सारखा केला, आणि गाणे तिथेच संपत असल्यासारखा दोघांना लवून मुजरा केला.

जत्रेत भाऊसोचा एक हात सदा अँप्लिफायरच्या बटणावर असायचा. रंगूबाईंच्या गाण्याला टाळी वाजवायची राहूनच गेली होती. आज त्याने टेपरेकॉर्डर खाली ठेवला आणि तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.