माकडटोपीचा उंदीर

आमच्या ह्यांचं नाव गजानन, पण अक्कल वाटताना देवाने नावाकडे पाहिलं नसावं. एरवी मी हे चारचौघांत बोलत नाही. पण आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हरतालिकेचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं.

तोवर दरसाल आमचा गणपती मामंजीच आणायचे, कर्जतहून पळसदरीपर्यंत, डोक्यावर पाट घेऊन, पायी. त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप केला. त्यांचा पुतण्या नागू छाती काढून पुढे आला.

"काका, मी आनतो. गजाला धड बैल बांदता येत नाय."

हे खरं होतं, म्हणून तर मला जास्त झोंबलं. मामंजींनी दोघांना एकदा वरखाली न्याहाळलं.

"आवंदा गजा जाईल. धड आनला तर ह्ये काम त्याचं. नायतर पुढच्या साली नागू."

ह्यांना कोणी कधी काही सोपवलेलं नव्हतं. हे दोन दिवस घरात असे फिरत होते, जणू कलेक्टर झाले. मला मात्र धाकधूक होती, कारण मामंजींनी एकदा पाटावरच्या कमळाची पाकळी उडाली म्हणून अख्खी मूर्ती परत पाठवली होती.

हरतालिकेच्या दुपारी हे आले ते मागच्या दाराने. मी उपाशी, निर्जळी, त्यात हे दृश्य.

"गनपती मागल्या दारानं आनत्यात व्हय?"

ह्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मूर्तीवरचा रुमाल खालून जरासा वर केला. सोंड होती, हात होते, मोदक होता. पायाशी उंदीर बसायचा तिथे नुसती मोडलेली शाडूची माती दिसत होती.

"उंदीर कुटं हाय?"

"रस्त्यावर."

"काय करतोय?"

"आता काय नाय करत. वरनं टेंपो गेला."

झालं होतं असं, की वाटेत समोरून दुसरा माणूस दुसऱ्या घरचा गणपती घेऊन येत होता. देव दिसला, म्हणून ह्यांनी भक्तिभावाने वाकून नमस्कार केला. डोक्यावर स्वतःचा देव आहे हे विसरून! तरी नशीब, सोंडेला ह्यांनी वेळेवर धरलं.

"गनपती अख्खा हाय ना?" हे मलाच समजावू लागले. "नुसतं वाहन मोडलंय. यष्टी पंक्चर झाली म्हंजे डायवर मेला का?"

मी कपाळावर हात मारला. पण ह्यांचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ओसरीवर नागूच्या खोकण्याचा आवाज येत होता. मला ह्यांचा राग आला, दयाही आली. दया आली याचा आणखी राग आला.

एक बरं होतं. आणलेल्या मूर्तीचा रुमाल दुसऱ्या दिवशी भटजी येईपर्यंत कोणी काढत नाही. म्हणजे माझ्याजवळ दुपार होती, आणि क्रोशाची सुई होती.

शाळेत असताना क्रोशा शिकले, तेव्हापासून माझे हात थांबले नव्हते. रेडिओला झालर, तांब्याला जाळी, आरशाला पडदा. सासूबाई म्हणायच्या, "एक दिस म्हशीला टोपडं घालशील." पण उंदीर मी कधी विणला नव्हता. घरात उंदराच्या रंगाची लोकर म्हणाल तर एकाच ठिकाणी होती. मामंजींच्या माकडटोपीत. तपकिरी लोकर संपली म्हणून तिचा शेंडा मी हिरवा विणला होता. टोपी ट्रंकेत थंडीची वाट बघत होती. मी देवाला हात जोडले आणि टोपी उसवली.

ठरवलं होतं लिंबाएवढा. पण मुक्या खांबाचे टाके घालता घालता ह्यांनी रस्त्यात घातलेला नमस्कार डोळ्यांपुढे यायचा, आणि वाढवलेले टाके कमी करायचे राहून जायचे. उंदीर नारळाएवढा झाला. शेपटीला नुसती साखळी घालायची असते. ती रागात घालत गेले, भानावर आले तेव्हा हातभर झाली होती. तपकिरी लोकर शेपटीनेच खाल्ली, म्हणून मागची बाजू हिरवी करावी लागली. आत सावरीचा कापूस दाबून भरला. डोळ्यांना गुंजा लावल्या, लालभडक. मिशांना नारळाच्या शेंडीचे केस.

हे उंदराकडे बघून म्हणाले, "चावंल का गं?"

दुसऱ्या दिवशी रुमाल निघाला आणि भटजींच्या हातून पळी सुटली. हे घाईघाईने म्हणाले, "मुंबईची फॅशन हाय." भटजींना आणखी सात घरं करायची होती. त्यांनी उंदरावर लांबूनच अक्षता टाकल्या.

मग गाव लोटलं. शेजारची चंद्राबाई म्हणाली घूस आहे, तिची जाऊ म्हणाली साळिंदर. पोरं गणपती सोडून उंदरापुढे मोदक ठेवू लागली. आमच्या मांजरीने माजघरात पाय ठेवला, उंदराला पाहिलं, आणि दोन दिवस ती परतली नाही. मामंजी मात्र समोर बसून टक लावून उंदराकडे पाहायचे. मी येता-जाता उंदरापुढे फुलं रचत होते.

आमचा गणपती दीड दिवसाचा. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी हे तळ्यात छातीभर पाण्यात गेले, उंदरासकट मूर्तीला तीनदा बुडवलं आणि सोडलं. गणपती गेला. आम्ही "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतोय, तोच पाण्यातून टुणकन उंदीर वर आला. लाल डोळे वटारून, शेपटी ओढत, सरळ काठाकडे.

ह्यांनी त्याला खाली दाबलं. तो काखेतून निघाला. पुन्हा दाबला, पाठीमागून निघाला. सावर कसली बुडतेय!

"मातीचा उंदीर तरंगतो व्हय रं?" नागू ओरडला. "लोकरीचा हाय! काका, यांनी तुमाला फसवलं. गजानं मूर्ती मोडली!"

हे पाण्यात मान खाली घालून उभे राहिले. उंदीर तरंगत तरंगत, मामंजी दगडावर बसले होते तिथे त्यांच्या पायाला येऊन लागला.

मामंजींनी त्याला उचललं, दोन्ही हातांनी घट्ट पिळलं आणि त्याची हिरवी बाजू नागूपुढे धरली.

"मला कोन फसवील? धा वर्सं डोक्यावर घेतलीय. माजी टोपी मला वळखू येनार नाय व्हय? रुमाल निघाला तवाच वळखली."

"पर मूर्ती—"

"देव डोक्यावर असताना दुसऱ्याच्या देवाला वाकनारा मानूस म्या अजून बघितला नाय," मामंजी म्हणाले, आणि त्यांचं पोट गदागदा हलू लागलं. म्हणजे वाटेत भेटलेल्या त्या माणसाकडून तो नमस्कारही मामंजींच्या कानावर आधीच आला होता! "गजा, वर ये. पुढच्या साली बी तूच जा. फकस्त वाटंत कुनाच्या पाया पडू नको."

हे पाण्यातून निघाले ते रडत की हसत, मला कळलं नाही. मी पदरात तोंड लपवलं, मला तर दोन्ही येत होतं.

मामंजींनी ओला उंदीर माझ्या हातात दिला.

"सूनबाय, थंडीच्या आदी टोपी परत विन. शेपटी नको लावू."