बाईंचा लोकस

मित्रांनो, मी एक जुनं, बुटकं स्टूल आहे. मुक्काम विधी महाविद्यालय. इथलं भाषणाचं टेबल उंच माणसांनी उंच माणसांसाठी केलेलं. त्यामागे आमच्या बाई उभ्या राहिल्या की वर्गाला नुसता अंबाडा दिसे. म्हणून सुताराने एका मोडक्या बाकातून मला घडवलं.

माझ्यावर उभं राहून बाईंनी नागरी हक्क शिकवले. तोवर हा विषय इथे कुणी शिकवलाच नव्हता. दारातून हाकललेल्या माणसांसाठी बाई कोर्टात गेल्या, तेव्हा पहिला प्रश्न आला, "तुमचा लोकस काय?" म्हणजे, इथे उभं राहून तक्रार करायचा तुम्हाला हक्क काय? दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्यावर चढून बाई म्हणाल्या, "हा माझा लोकस!" तेच माझं नाव पडलं. मुलं मला हात लावून परीक्षेला जात. निकालांबद्दल मी बोलत नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि माझी रवानगी मंचामागच्या अडगळीत झाली. तिथे वाळवीने माझा एक पाय चाखला.

मग कानावर आलं, सभागृहाला बाईंचं नाव देणार. टेबल नवं, आणखी उंच. मला नेलं नाही, तर बाई दिसायच्या नाहीत. नेलं, तर ऐंशीच्या बाई आणि माझा हा पाय!

समारंभात बाई बोलायला उठल्या, टेबलामागे गेल्या आणि गायब झाल्या.

"अरे, माझा लोकस कुठाय?" टेबलाआडून आवाज आला.

प्राचार्य बाईंचेच विद्यार्थी. हात जोडून म्हणाले, "बाई, आज तुमचा लोकस कोण विचारणार? तो निर्विवाद आहे!"

टाळ्या. पहिल्या रांगेतल्या वकिलांनी अनुमोदनही दिलं.

"अरे दिवट्या, लाकडी लोकस!"

धावाधाव झाली. मला आणलं, रुमालाने पुसलं. बाईंनी हलवून पाहिलं. पाय डुगडुगला. 'बाई, नका चढू,' मी मनातल्या मनात ओरडत होते की होतो, तेही सुचेना.

"ह्याचाही पाय गेला होय? प्राचार्य, बसा खाली. धरा घट्ट."

नव्या सुटातले प्राचार्य उकिडवे बसले. बाई चढल्या, बोलल्या, शेवटच्या रांगेलाही दिसल्या. भाषणभर प्राचार्य मात्र कुणाला दिसले नाहीत. मी श्वास रोखून उभं.

तर मित्रांनो, माझा पाय तेवढा बसवून घ्या. आणि जमलं तर टेबलच जरा बुटकं करा. दर वेळी प्राचार्य खाली बसतीलच, असं नाही.