गोल फ्रेम

चष्मेवाल्याचं मत नव्हतं असा फुटबॉलचा विषय जगात नव्हता. कोचला हाकललं की त्याचं मत तयार. चूक खेळाडूंची, आणि बळी कोचचा! गुडघा फुटलेल्या आघाडीच्या खेळाडूला एखाद्या क्लबनं विकत घेतलं की तो म्हणायचा, "पाय बघायच्या आधी केस बघितलेले दिसतायत." व्हिडिओ बघून पेनल्टी देणाऱ्या पंचांवर तर त्याचा खास राग. दुकानात काच घासता घासता तो ही मतं धार लावून ठेवायचा आणि रविवारी दुपारी सासऱ्यांसमोर काढायचा. गिऱ्हाइकांवर ती खर्च करणं त्याला परवडत नसे.

सासरे रिटायर झालेले टेलर. बोलणं कमी, ऐकणं भरपूर. चष्मेवाल्याला स्वतःचे वडील आठवतही नव्हते, त्यामुळे मॅच सुरू व्हायच्या आधी सासऱ्यांनी खुर्ची जवळ ओढून "काय हो, तुमचं काय म्हणणं?" असं विचारलं की त्याला आठवडाभराचं सार्थक झाल्यासारखं वाटे. घरात दोन मुली, जावई एकच. एकच होता तोवर सगळं छान होतं.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि साडू आला. लिफ्ट दुरुस्त करायचा धंदा, उंच, हसतमुख, आणि वेड कसलं, तर बास्केटबॉलचं! "दादा, बातमी ऐकली का?" पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं. "आमच्या टीमच्या स्टारनं टीम बदलून मागितलीय. एकाच्या बदल्यात चौघं देतायत!"

"पायलीचे पन्नास मिळत असतील तर चारच का देतात?" चष्मेवाला म्हणाला. सासरे हसले. पण हसून झाल्यावर साडूकडे वळून त्यांनी विचारलं, "मग ते चौघं कोण?" तो प्रश्न चष्मेवाल्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

"तुमच्या पोटात दुखतंय," बायको घरी येताना म्हणाली.

"माझ्या? छे! नळ सोडल्यासारखे पॉइंट पडतात त्यांच्यात. दर अर्ध्या मिनिटाला आनंद झाला, तर माणसाला खरा आनंद व्हायचा कधी? आणि बड्या खेळाडूंना म्हणे विश्रांती देतात, ऐन मॅचला! तिकीट काढलेल्यानं काय पाहायचं, टॉवेल?"

"बघा, दुखतंयच," बायको म्हणाली.

त्याच सुमारास सासऱ्यांचा नंबर बदलला. चष्मा अर्थात थोरल्या जावयाकडूनच. त्यानं डोळे स्वतः तपासले, काचा स्वतः घासल्या, आणि त्यांच्या आवडीच्या जुन्या गोल फ्रेममध्ये स्वतःच्या हातानं बसवल्या. हा मान काही लिफ्टवाल्याला मिळणार नव्हता. काचा बसवत असतानाच साडूचा फोन आला. स्टार खेळाडू खरंच टीम सोडून निघाला होता, आणि "बाबांना आधीच कळवलंय, फार खूश झाले." आधीच! चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवून त्यानं दोन्ही काचा दाबून बसवल्या, स्क्रू आवळले आणि चष्मा डबीत घातला.

"जरा गरगरतंय हो," चष्मा पहिल्यांदा लावून सासरे म्हणाले.

"नवा नंबर आहे, बाबा. होईल सवय."

पुढच्या रविवारपासून त्या घरात फुटबॉल बंद झाला. हळूहळू नाही, एकदम. चष्मेवाला कोचच्या हकालपट्टीवर ताजं मत घेऊन गेला, तर टीव्हीवर उड्या चाललेल्या, सासरे साडूला खेटून बसलेले आणि साडूच्या तोंडाचा पट्टा सुरू. "आता डावीकडून निघाला... दिला... टाकला!" सासरे मान डोलावत होते. कित्येक रविवार हेच. चष्मेवाला कोपऱ्यात चहा पीत बसायचा आणि आतल्या आत जळायचा. साडूची बडबड, त्याचे लांब पाय, सासऱ्यांच्या हाताशी नेमका कान येईल असा त्यानं पुढे केलेला कप, सगळंच त्याच्या डोळ्यांत खुपायचं.

एका रविवारी त्याला राहवलं नाही. मध्यंतर होताच तो टीव्हीच्या आडवा उभा राहिला. "बाबा, खरं सांगा. फुटबॉलनं तुमचं काय घोडं मारलंय?"

सासरे गडबडले. "तसं नाही हो. तो चेंडू... मला दिसतच नाही."

"नवा चष्मा लावून?"

चष्मेवाल्यानं पुढे होऊन त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि सवयीनं खिडकीसमोर धरून हलवला. काचेतून खिडकीचे गज कसे सरकतात त्यावरून नंबराचा अंदाज येतो. गज सरकले आणि त्याचा चेहरा उतरला. जाड काच उजव्या डोळ्याला हवी होती, ती डाव्याला होती. समोर धरलेल्या फ्रेमची डावी बाजू ही घालणाऱ्याची उजवी असते, हे कालचा शिकाऊसुद्धा जाणतो. दुसऱ्या कुठल्या आकाराची फ्रेम असती तर उजवी काच डावीकडे बसलीच नसती. गोल फ्रेमनं मुकाट्यानं बसवून घेतली होती.

साडू चहाच्या कपात बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारी कळलं, दादा. बाबा एक डोळा मिटून बघत होते. मी म्हटलं, दादांना सांगू या. तर म्हणाले, जावयानं हौसेनं केलाय, त्याला लागेल." साडू ओशाळून हसला. "मग म्हटलं, आपला चेंडू मोठा आहे, मैदान लहान. दिसत नाही तेवढं मी बोलतो."

डोळे हा धंदा चष्मेवाल्याचा, आणि सासऱ्यांचा मिटलेला डोळा पाहिला लिफ्टवाल्यानं! त्याला भयंकर लाज वाटली. पण लाजेच्याही वर मत्सर तसाच्या तसा उभा होता. हा माणूस थोडा तरी वाईट असता तर किती बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

"चुकलं बाबा," तो म्हणाला आणि खिशातला बारका पेचकस काढून तिथंच टेबलाशी बसला. काचा अदलाबदल केल्या, पुसल्या आणि चष्मा स्वतः सासऱ्यांच्या कानांवर चढवला. सासऱ्यांनी खोलीभर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. चष्मेवाल्याच्या मनात मत तयारच होतं, कोचचं, पेनल्टीचं, गुडघ्याचं.

"लावू का फुटबॉल?"

"थांबा हो जरा," सासरे त्याचा हात हलकेच बाजूला करत म्हणाले. टीव्हीवर खेळ पुन्हा सुरू झाला होता. "अहो, त्या रिंगला खाली जाळी आहे! तुम्ही सांगितलंच नाहीत!" हे ते साडूला म्हणत होते. "आता बोलू नका तुम्ही. बघू द्या मला."

साडू हसत मागे टेकला. सासरे पुढे झुकून एकटक बघू लागले, आणि शेजारी उभा राहून चष्मेवाला त्यांच्या काचांवर धावणारा तो नारिंगी चेंडू बघत राहिला.