आधी चाखा, मग बोला

नोंदणी टिकवायची तर दरवर्षी ठरावीक तास शिकावं लागे. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञबाई बावीस वर्षं ते तास कपड्यांच्या घड्या घालत भरत होत्या. संगणकावर व्याख्यान चालू, हात कपड्यांत. नवरा म्हणे, "आपल्या चादरीसुद्धा आता परीक्षा पास होतील."

यंदा आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं विचारलं होतं, तुम्हाला काय शिकायला आवडेल? बाईंनी नेहमीसारखी 'मधुमेह'वर खूण केली; अर्ज पाठवायचा तेवढा राहिला.

त्याच आठवड्यात पक्षाघात झालेले एक शिंपीकाका दाखल झाले. त्यांना गिळायला त्रास होई, म्हणून बाईंनी वाटलेलं जेवण लिहून दिलं. तीन दिवस ताट जसंच्या तसं परत. बाई भेटायला गेल्या, तर काका अडखळत म्हणाले, "तुम्ही... खाल्लंय का हे?"

बाईंनी ते कधी चाखलंच नव्हतं.

त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि तोच करडा लगदा वाडग्यात मागितला. एक घास कसाबसा घशाखाली उतरला. मुख्य स्वयंपाकीण, सगळ्यांच्या मावशी, कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"कागदावर 'सगळं एकत्र वाटा' तुम्हीच लिहिता. मी वाटते. कधी विचारलंत मला?"

"चुकलंच माझं. आता शिकवा."

मावशींनी गाजर भाजून वेगळं वाटलं, बटाटा लोण्यात वेगळा घोटला. चमचा तिरका केला की गोळा एकसंध पडला पाहिजे, सांडता कामा नये. बाईंचं पहिलं गाजर ओट्यावरून वाहत गेलं. "असू दे," मावशी हसल्या, "पुसायलाही शिकाल."

दुसऱ्या दिवशी काकांनी अर्ध्याहून जास्त ताट संपवलं आणि गाजर परत मागितलं.

बाईंनी अर्जावरची खूण खोडून लिहिलं: व्याख्यान नको, स्वयंपाकघरात हातानं करून शिकायचंय. शिकवतील आमच्या मावशी.

संघटनेतून फोन आला. "शिक्षिकेची पदवी?"

"पदवी नाही. दीडशे माणसं रोज त्यांच्या हातचं जेवतात."

मग तीन तास मंजूर झाले.

चौदा आहारतज्ज्ञ ॲप्रन बांधून आले. एकीनं वहीच उघडली, "प्रमाण किती?"

"आधी चाखा, मग बोला," मावशी म्हणाल्या.

तीन तास संपले तरी कुणी हलेना. शेवटी मावशींनीच सगळ्यांना बाहेर पिटाळलं. "निघा आता! संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार?"