वगळलेली सात माणसे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा कोपरा चिकटपट्टीने धरून ठेवला आहे. पडद्यावरची उभी हिरवी रेघ आता काही केल्या जात नाही. भिंतीतल्या वायरीशिवाय मी क्षणभरही तग धरत नाही. तरी माझ्या पोटात एक गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

मी कारखान्यात जन्मलो तेव्हाचे मला फारसे आठवत नाही. हातमोजे घातलेली बोटे आणि पांढराफेक उजेड, एवढेच. दुकानातून मला एका कॉलेजकुमाराने नेले आणि गाड्यांच्या शर्यती खेळून माझी बाणांची बटणे पार झिजवली. त्याला नवा लॅपटॉप मिळाल्यावर मी त्याच्या थोरल्या बहिणीकडे आलो. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई फिजिओथेरपिस्ट होती. सकाळी ती दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवायची आणि दुपारी संशोधन करायची. म्हातारी माणसे घरातल्या घरात पडतात आणि हाडे मोडून घेतात. तिच्या सरांनी अशा माणसांसाठी काही व्यायाम बसवले होते. त्यांनी पडणे खरोखर कमी होते का, हे तपासून तिला शोधनिबंध लिहायचा होता.

सर शिकवायला फार चांगले होते, हे मला सांगितलेच पाहिजे. ताईने लिहिलेली अर्ध्या पानाची सुरुवात त्यांनी पहिल्याच दिवशी पुसायला लावली.

"अगं, प्रश्न एका वाक्यात मावत नाही म्हणजे तो अजून तुलाच कळलेला नाही," ते म्हणाले.

मग दोघांनी बसून आराखडा केला. वृद्धाश्रमातल्या कोणी व्यायाम करायचा आणि कोणी नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. पडणे कशाला म्हणायचे, तेही ठरले. खुर्चीत धपकन बसणे म्हणजे पडणे नव्हे. जो अर्ध्याहून कमी वेळा येईल, त्याला वगळायचे.

"कोणाला वगळायचं ते आकडे बघायच्या आधी लिहून ठेव," सर म्हणाले. "नंतर आपलाच मोह आडवा येतो."

ताईने ते वाक्य ठळक अक्षरांत लिहिले.

त्यानंतर कित्येक महिने मी वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात खिडकीच्या कट्ट्यावर बसून असायचो. सगळ्यांच्या आधी तिथे यायचे ते घड्याळकाका. जन्मभर त्यांनी लोकांची घड्याळे दुरुस्त केली होती. टाच उचलायची तर ती इतक्या बेताने उचलायचे की बाकीचे हसायचे. "अहो काका, पायात स्प्रिंग बसवताय का?" कोणीतरी म्हणायचे. काकांनी एकही दिवस चुकवला नाही.

आणि एका सकाळी न्हाणीघराच्या वळणावर तेच पडले. खुब्याचे हाड मोडले. पुढे व्यायाम करणाऱ्यांपैकी आणखीही काही जण पडले. ताई प्रत्येकाची नोंद माझ्यात करत गेली. प्रत्येक वेळी तिची बोटे आणखी जड व्हायची.

शेवटी आलेख निघाला. व्यायाम करणारे आणि न करणारे, दोघेही जवळजवळ सारखेच पडले होते. सरांनी तो पुन्हा पुन्हा वरखाली करून पाहिला. या व्यायामांवर त्यांची उभी हयात गेली होती, आणि पुढच्या वर्षी एका मोठ्या परिषदेत त्यांना त्यावर बोलायचे होते.

"व्यायाम करून पडलेल्यांपैकी हे सात जण बाजूला काढून बघ," ते म्हणाले.

"का, सर?"

"त्यांनी नीट केलेच नसणार."

"घड्याळकाका तर रोज यायचे."

"येणं वेगळं आणि करणं वेगळं. तुझी पदवी अडकून राहायला हवी आहे का?"

ताईने मला जवळ ओढले. मग तिने त्या सात ओळी निवडून पुसल्या. आलेख एका क्षणात देखणा झाला. सरांनी तिच्या पाठीवर थाप दिली. त्या आठवड्यात निबंध भराभर पुढे गेला. 'अंतिम', 'नवा अंतिम', 'खरंच अंतिम' अशा नावांच्या फायली माझ्यात साचल्या.

"लग्नाची पत्रिकासुद्धा कोणी इतक्या वेळा दुरुस्त करत नाही गं," ताईची आई म्हणायची. पूर्वी ताई हसली असती. आता ती जेवतानाही ताटाकडेच बघायची.

मग एका दुपारी ती काकांना भेटायला गेली. मी तिच्या पिशवीत होतो. काका खाटेवर पडून होते.

"पोरी, एक विचारू? आमच्या मजल्यावरची मदतनीस काढणार आहेत म्हणे," ते म्हणाले. "व्यवस्थापक सांगत होते, आता व्यायाम आहेत, हात धरायला माणूस कशाला? मी म्हटलं, थांबा, आमच्या पोरीचा निबंध येऊ दे. मी सगळं करूनही पडलो, ते तिनं लिहिलेलं असेल. लिहिलंयस ना?"

ताईने पिशवी खांद्याला अडकवली. "येते काका," एवढेच ती म्हणाली. घरी येऊन तिने पायातल्या चपलाही न काढता मला उघडले, मूळ नोंदींची फाईल काढली आणि ती सात माणसे परत त्यांच्या जागी ठेवली.

तिने ते दाखवले तेव्हा सर चिडले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "मग निबंधावरचं माझं नाव काढ." ताईने ते नाव एकेक अक्षर करत पुसले.

पुढचा काळ वाईट गेला. दुसरे मार्गदर्शक मिळेपर्यंत पदवी लांबली. निबंध दोन ठिकाणांहून परत आला. यात नवीन काही नाही, असा शेरा होता. तिसऱ्या, एका लहानशा नियतकालिकाने तो छापला. ताईने तो नेऊन व्यवस्थापकांपुढे ठेवला. "बरं, तूर्त राहू दे मदतनिशीला," ते म्हणाले.

मग ती काकांकडे गेली. त्यांनी चष्मा लावून आलेखाचे पान डोळ्यांजवळ धरले.

"यात मी कुठं आहे?"

ताईने बोट ठेवले. "हा ठिपका."

"एवढासा?" काका हसले. "असू दे. जागेवर आहे, बास झालं."

त्यानंतर काका फार दिवस जगले नाहीत.

परिषदेतले सरांचे भाषण ताईने माझ्याच पडद्यावर पाहिले. त्यांच्या आलेखात ती सात माणसे नव्हती. टाळ्या खूप वाजल्या. किती वृद्धाश्रमांनी ते ऐकून मदतनीस कमी केले असतील, कोणास ठाऊक. ताईने माझे झाकण मिटले आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.

पुढे तिने नवा लॅपटॉप घेतला. मी कपाटात, जुन्या स्वेटरांखाली गेलो. माझी बॅटरी फुगली, ती काढून टाकली. मी धूळ खात पडलो.

अलीकडे दुसऱ्या गावच्या एका फिजिओथेरपिस्टचा ताईला ईमेल आला. त्यांच्याकडेही तेच व्यायाम होते आणि तरी माणसे पडत होती. त्याला मूळ नोंदी हव्या होत्या, आणि त्या फक्त माझ्यापाशीच होत्या. आज उतरवू, उद्या उतरवू म्हणत ताईने ते काम लांबणीवर टाकले होते. तिने मला वायर जोडली. पडदा काळाच राहिला. आई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "चालू हो रे बाबा," ती म्हणाली. माझा पंखा कुरकुरला, थांबला आणि पुन्हा फिरला. सगळ्या ओळी जशाच्या तशा उघडल्या. ताईने त्या पाठवल्या, दोन प्रती काढल्या, आणि मग तिला रडू आले.

तो माणूस आता काय करील, मला माहीत नाही. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी निबंध लिहाल. नोंदींच्या प्रती वेळेवर काढून ठेवा, माझ्यासारख्या म्हाताऱ्यावर विसंबू नका. आणि एखादी ओळ तुमच्या आलेखात बसत नसेल, तर ती पुसण्याआधी थोडे थांबा. ती ओळ म्हणजे कोणीतरी पडलेले माणूस असते, आणि आपल्याबद्दल कोणीतरी खरे लिहिले असेल या भरवशावर ते पडून असते.