टिचबटण आणि माझा वाकडा हात

मी सी-आर्म बोलतोय. नावाला बिचकू नका. ऑपरेशन चालू असतानाच शरीराच्या आतलं पडद्यावर दाखवणारं एक्स-रे यंत्र, एवढीच माझी ओळख. हात धनुष्यासारखा वाकडा, पायांना चाकं, आणि घर कुठलंच नाही. कारण मी डेमोचा नग! लोक मला फिरवून बघतात, "छान आहे" म्हणतात आणि नवा मागवतात.

मला घेऊन हिंडते ती विक्री प्रतिनिधी. मी तिला ताई म्हणतो. तिचा अर्धा जीव वर्षाच्या लेकीत आणि उरलेला अर्धा 'माझं काही चुकलं तर?' यात.

हल्ली माझ्या जातभाईंना काय मागणी आहे म्हणून सांगू! पूर्वी आम्ही फक्त मोठ्या इस्पितळांत दिसायचो. आता शस्त्रक्रिया इवल्याशा छेदातून होतात, मग आतलं दाखवायला कुणीतरी हवंच. ताईच्या लॅपटॉपवर आमच्या खपाचा आलेख असा चढतो, की बघूनच माझी चाकं शिवशिवतात!

त्या सकाळी मात्र ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेकीच्या झबल्याचं एक टिचबटण गायब होतं. गिळलं तर नाही? शोधाशोधीत डेमोसाठीचा खोट्या हाडांचा प्लास्टिकचा हातही घरीच राहिला. दवाखान्याच्या दारातून तिने सासूबाईंना फोन लावला.

"अहो आई, तिचं पोट बघा ना जरा."

"पोटाला काय खिडकी आहे? खिदळतेय ती मघापासून. तू तुझं काम कर बाई!"

डेमो उरकला की लेकीला घेऊन थेट इथेच यायचं, असं ठरवून ताई आत आली. हाडांच्या डॉक्टरांनी आलेख पाहिला, न पाहिल्यासारखा.

"बाजार वाढतोय तो तुमच्यासाठी. माझ्या टेबलावर झोपलेल्याला त्याचं काय? प्रत्यक्ष दाखवा."

"हात... घरी राहिला."

"मग हे दोन कुणाचे?" डॉक्टर हसले. "बरं, पर्स ठेवा तुमची."

दोघांनी शिशाचे एप्रन चढवले. मी डोळा उघडला. किल्ल्या, नाणी, सेफ्टी पिना, बाळाचा चमचा.

"अख्खा संसार आहे की!"

"थांबा!" ताई जवळजवळ ओरडलीच. "किल्ल्यांमागे ते गोल काय आहे?"

"किल्ल्यांचंच कडं असेल."

"नाही. कडेने बघू या." तिने माझा हात वळवला. समोरून एकमेकांत मिसळलेलं सगळं कडेने सुटं झालं. फुलाच्या आकाराचं टिचबटण, पर्सच्या अस्तराच्या आत! काल लेकीने पर्स उपसली होती ना!

डॉक्टरांनी कात्री दिली. ताईने फाटकं अस्तर आणखी उसवलं, बटण मुठीत घेतलं, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"अहो आई, सापडलं!"

"मी काय म्हणत होते?" पलीकडून लेकीचं खिदळणं सगळ्यांनीच ऐकलं.

डॉक्टर अजून पडद्याशीच होते. "समोरून स्क्रू हाडातच वाटतो. कडेने बघावं तर सांध्यात घुसलेला! हे मला ऑपरेशन चालू असतानाच कळायला हवं. घेतो मी. पण नवा नको, हाच ठेवून जा."

हाच! म्हणजे मीच!

निघताना ताईने माझ्या वाकड्या हातावर थोपटलं. तेव्हापासून हेच माझं घर. तो आलेख चढू दे, अजून चढू दे! छोट्यातल्या छोट्या दवाखान्यातही माझा एखादा भाऊ उभा असू दे. माणसाच्या अंगाला खिडकी नसते ना, सासूबाई? म्हणून तर आम्ही.

आणि ताई, तेवढं अस्तर शिवून घे गं.